बिडी न ओढणाऱ्या बाईला बिडीवाल्याचा आजार कसा होतो?

नाशिकमध्ये रविवारची सकाळ म्हणजे मिसळ. गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला मळ्यातल्या मिसळीच्या पाट्या लागलेल्या असतात, आणि पाटीवर 'चुलीवरची' असं लिहिलेलं असलं की गर्दी जरा जास्तच. चव असते, त्यात वाद नाही. पण तिथे चुलीवर पत्र्याची उंच शेड असते, चारी बाजूंनी वारा खेळतो आणि खाणारा तासाभरात गाडीत बसून घरी जातो. त्याच रस्त्याने गिरणारे ओलांडून हरसूलकडे जा, नाहीतर पेठ-सुरगाण्याची वाट धरा. तिथे कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतींच्या घरात चूल आतल्या अंगाला असते. वरचं आढं काजळीने काळंभोर झालेलं. धुरातलं काही त्या आढ्याला चिकटतं, काही कौलांच्या फटींतून बाहेर जातं आणि काही चुलीपुढे रोज तीन-चार तास बसणाऱ्या बाईच्या छातीत जातं. या लेखात बोलायचं आहे ते या शेवटच्या वाट्याबद्दल.

धूर होतो कशाने?

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मग दोनशे-तीनशे अंशांपुढे लाकडातून जळाऊ वायू सुटायला लागतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा या वायूंची असते. ते पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि भरपूर हवा लागते. यातलं काहीही कमी पडलं की वायू अर्धवट जळतात, निवतात आणि त्यांचे बारीक कण तयार होतात. धूर म्हणजे थोडक्यात वाया गेलेलं जळण. म्हणूनच चूल सगळा वेळ सारखा धूर करत नाही. पेटवताना तो सगळ्यात जास्त असतो, मग गार पाण्याचं पातेलं ज्वाळेवर ठेवलं की, आणि मोठं लाकूड एकदम आत सरकवलं की.

आता यात पावसाळा घाला. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा जिल्ह्यातला मुसळधार पावसाचा पट्टा. उन्हाळ्यात आणून पडवीत रचलेलं सरपण आषाढात दमट होतंच. ओल्या लाकडाच्या ताकदीतला एक वाटा स्वतःतलं पाणी उडवण्यात जातो, मग ज्वाळा धरत नाही, नुसतं धुमसत राहतं. वर पाणी गळू नये म्हणून कौलांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, म्हणजे एरवी धूर जायच्या फटीही बुजलेल्या. वाऱ्या-पावसाने दार लोटलेलं. वर्षभरातला सगळ्यात वाईट धूर याच तीन-चार महिन्यांत खाल्ला जातो.

आणि मग फुंकणी. फुंकणी मारणाऱ्या बाईकडे नीट बघा. ती वाकते, तोंड चुलीपासून हात-दीड हातावर आणते, मोठा श्वास घेते आणि फुंकते. फुंकण्याआधीचा हा मोठा श्वास ती जिथे धूर सगळ्यात दाट आहे तिथेच घेते, तोही तोंडाने. नाकातले केस आणि ओलावा जी काही थोडीफार गाळणी करतात, तीही वगळली गेली. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, पदराने डोळे पुसून ती पुन्हा वाकते. दोन वेळचा स्वयंपाक, चहा, आंघोळीचं पाणी धरलं तर हे दिवसातून कितीतरी वेळा.

धुरात असतं काय?

डोळ्याला दिसतो तो भाग तुलनेने बरा म्हणायचा, कारण मोठे कण नाकात-घशात अडकतात. खरे घातक ते पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण श्वासनलिकेच्या शेवटच्या फांदीपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये घालून दिलेली 24 तासांची मर्यादा आहे घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम. आपल्या देशाचं मानक 60. चुलीच्या बंद स्वयंपाकघरात दिवसभराची सरासरी काहीशेच्या घरात जाते आणि पेटवतानाच्या वेळी आकडा हजाराच्याही वर चढतो. दिल्लीची हवा एवढी खराब झाली की बातमी होते.

कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे वायूही असतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ असेल तर पोटातल्या बाळाच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन आणखी घटतो. जाता जाता एक धोक्याची गोष्ट: निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. निफाडकडे थंडी कडाक्याची पडते, तेव्हा निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दार लावून झोपणं जिवावर बेतू शकतं.

'चूल म्हणजे तासाला 400 सिगारेटी' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नावावर सांगितलं जातं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायका प्रत्यक्ष किती धूर घेतात हे मोजणाऱ्यांत ते होते. पण तो आकडा चुलीतून निघणाऱ्या एकूण धुराचा आहे. बाईच्या फुप्फुसात तेवढा जात नाही. 'बाई रोज चारशे सिगारेटी ओढते' असे मथळे देणाऱ्यांनी त्याची वाट लावली आहे. वाढवून सांगण्याची काही गरज नाही, आहे तेच पुरेसं आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली.

छातीत काय घडतं

श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारखी फुटत फुटत बारीक होत जाते. शेवटच्या टोकाच्या नळ्या दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. बारीक कण तिथे बसले की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात. काजळी पचत नाही. पेशी मरतात, मरताना दाह करणारी रसायनं सोडतात, त्या जागी सूज येते. एकदा झालं तर भरून निघतं. पण सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की सुजेच्या जागी वण धरतात आणि नळीची भिंत आतून जाड होते. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून पाणी यायचं कमी होतं, तसंच हे. फरक एवढाच की ठिबकमध्ये आम्ल सोडून क्षार काढता येतो, छातीतला वण काढता येत नाही.

नळ्या अरुंद झाल्या की त्रास श्वास घेताना कमी आणि सोडताना जास्त होतो. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, तेवढ्यात नवा श्वास घ्यावा लागतो. छाती भरलेलीच राहते. याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. बिडीवाल्याचा म्हणून ओळखतात तो आजार हाच. आपल्याकडे सगळ्यालाच 'दमा' म्हणायची रीत आहे, पण दम्यात अटॅक येतो आणि जातो, मधले दिवस बरे असतात. सीओपीडीत मधले बरे दिवस हळूहळू संपत जातात.

हा आजार ओळखू येत नाही याची दोन कारणं. पहिलं, बारीक नळ्या संख्येने इतक्या असतात की बऱ्याच निकामी होईपर्यंत काही जाणवत नाही. दुसरं कारण बाईच्या वागण्यात आहे. धाप लागायला लागली की ती कामाला नाही म्हणत नाही, काम तोडून तोडून करते. दोन हंड्यांऐवजी एक आणते. टेकाड चढताना मध्येच 'जरा टेकते' म्हणते. लावणीला सुनेला पुढे घालते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'वय झालं आता.' वय असतं पंचेचाळीस.

आणि सुरुवात तर त्याच्याही कितीतरी आधी झालेली असते. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते, त्यानंतर निरोगी माणसातही दरवर्षी थोडी थोडी उतरते. आठ-दहा वर्षांची पोर आईच्या हाताखाली चुलीपुढे बसायला लागली तर तिची ताकद पूर्ण उंचीला पोचतच नाही. उतार मग खालूनच सुरू होतो.

पुढच्या टप्प्यात हृदय सापडतं. आजारी फुप्फुसांतून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो, ती बाजू थकते आणि पाय सुजायला लागतात. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. 1950च्या दशकात त्यांना दिल्लीत असे बरेच रुग्ण दिसले आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा कमी नव्हत्या. धूम्रपान तर बायकांत फारसं नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं घरातल्या धुरावर. 1959 मध्ये तो अभ्यास छापूनही आला. पद्मावतीबाई 2020 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी गेल्या. साठ वर्षं हे माहीत होतं, तरी आजही बाह्यरुग्ण विभागात पहिला प्रश्न असतो, 'बिडी-सिगारेट?'

'नाही.'

'तंबाखू?'

'मशेरी लावते थोडी.'

कागदावर तंबाखू लिहिलं जातं, विषय संपतो. चूल कुणी विचारत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशोब मांडला होता: जगात धूम्रपान करणारे सुमारे 101 कोटी, आणि लाकूड-गोवऱ्यांचा धूर खाणारे सुमारे 300 कोटी. तेव्हा सीओपीडीचं मोठं कारण कुठलं, हे पुन्हा तपासून बघा, असं त्यांचं म्हणणं.

एक्स-रे नॉर्मल, म्हणजे सगळं ठीक?

नाही. बिडीने बिघडलेल्या छातीत हवेच्या पिशव्या फाटून एकमेकींत मिसळलेल्या असतात, ते एक्स-रेत बऱ्याचदा कळतं. चुलीच्या धुराचा मुख्य मार नळ्यांवर बसतो. पिशव्या त्या मानाने शाबूत, म्हणून फोटो बराच काळ स्वच्छ येऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीसाठी बेडका तपासतात, ते बरोबरच आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पण बेडका निगेटिव्ह आला, फोटो बरा आला की खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवणी होते. गोष्ट इथे अडते.

पुढची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. यंत्राच्या नळीत पूर्ण छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून सोडत राहायचा, साधारण सहा सेकंद. तंत्रज्ञ बाजूला उभा राहून 'फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका' ओरडत असतो. जन्मभर फुंकणी मारलेल्या बाईलाही हे जमत नाही, तिसऱ्या सेकंदाला खोकला येतो, मग पुन्हा. तोंडाने ओढायचं औषध देऊन परत एकदा. औषधानंतरही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात 70 टक्क्यांपेक्षा कमी बाहेर आली, तर नळ्या अरुंद झाल्या आहेत. वेदना नाही, सुई नाही. तालुक्याला हे यंत्र नसलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि सुरगाण्याहून नाशिकला येणं म्हणजे एक रोज बुडाला.

आशाताईंना तिशीपुढच्या माणसांचा जो जोखीम-फॉर्म भरायला दिलेला आहे, त्यात स्वयंपाकाला कुठलं जळण वापरता हा प्रश्न छापलेला आहे. म्हणजे सरकारला ठाऊक आहे. त्या रकान्यात 'लाकूड' लिहिल्यावर आणि दम लागतो म्हटल्यावर पुढे काय, हे आपण विचारायला हवं. तुमच्या घरातल्या बाईला डॉक्टरकडे नेताना, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, स्वतःहून सांगा: इतकी वर्षं चूल, दिवसाला इतके तास.

गॅस आला, तरी चूल का?

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. हे मोठं काम आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण जोडणी असणं आणि गॅस पेटणं यात अंतर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली फक्त 43 टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर लागतात. पाच माणसांचं घर पूर्ण गॅसवर चालवायचं तर आठ-नऊ तरी हवेत. उरलेलं सगळं चूल भागवते.

यावर शहरातला माणूस चटकन म्हणतो, 'त्यांना सवयच नाही.' जरा हिशोब बघू या. सिलिंडरचे आठशेच्या वरचे पैसे आधी मोजायचे, 300 रुपये अनुदान नंतर खात्यात. मजुरीवरच्या घरात एकदम आठशे रुपये हातात असण्याचा दिवस शोधावा लागतो. लाकूड जंगलातून येतं, त्याला पैसे नाही, बाईचा वेळ लागतो, आणि तिच्या वेळेची किंमत घरात कुणी धरत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत ठरले, त्याने भार हलका होतो, पण तिथेही आठाचा हिशोब पुरा होत नाही.

शिवाय चूल नुसता स्वयंपाक करत नाही. आंघोळीचं पाणी तापतं, नागलीच्या भाकरीला निखाऱ्यांची ऊब लागते, वैलावर कालवण गरम राहतं. चुलीवरच्या माळ्यावर टांगलेल्या बियाण्याला धुरामुळे कीड लागत नाही, छपराचे वासे टिकतात, डास पळतात. धूर घरातली बरीच कामं करतो, म्हणून तो एका सरकारी ओळीने जात नाही.

आणखी एक गोष्ट योजनेच्या कागदावर दिसत नाही. पावसाळा सरला की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. सिलिंडर घरीच राहतो. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत तीन दगड मांडले जातात आणि जळणाला असतात छाटणीच्या काड्या. त्या घरच्या पत्त्यावर सरकारदरबारी गॅस असतो, आणि बाई मात्र सहा महिने धुरात.

अर्धा धूर कमी केला तर अर्धा आजार जातो का?

दुर्दैवाने जात नाही. आणि या विषयातलं हेच सर्वांत कमी सांगितलं जाणारं वाक्य आहे. धूर आणि धोका यांचं नातं सरळ रेषेत नाही. स्वच्छ हवेतून थोड्या धुराकडे जाताना धोका झपाट्याने चढतो, पुढे तो मंदावतो. उलट बाजूने बघितलं तर खूप धुरातून मध्यम धुरावर आल्याने फायदा होतो, पण मनासारखा नाही. मोठा फायदा शेवटच्या टप्प्यात, हवा खरोखर स्वच्छ होते तेव्हा मिळतो.

म्हणून सुधारित चुलींचं गाडं अडलं. 1980च्या दशकात देशभर निर्धूर चुली बसवायचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, 2002 मध्ये तो गुंडाळला गेला. धुरांडी काजळीने तुंबली, चुलींची तोंडं फुटली, दुरुस्तीला कुणी आलं नाही. ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अशा चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही, कारण चुली वापरातूनच गेल्या. गॅसचीही गोष्ट सरळ नाही: भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे 3200 गरोदर बायकांवर केलेल्या हापिन नावाच्या प्रयोगात गॅस फुकट पुरवून धूर बराच घटला, तरी बाळांच्या वजनात ठळक फरक आला नाही. पण तो दीड वर्षाचा प्रयोग होता आणि त्यात मुख्य मोजमाप बाळांचं होतं. बाईच्या छातीबद्दल दिलासा देणारा अभ्यास दक्षिण चीनमधला आहे, 2014 मध्ये छापलेला: नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात ज्यांनी स्वच्छ इंधन घेतलं आणि स्वयंपाकघराची हवाही सुधारली, त्यांच्या फुप्फुसांची घसरण मंदावली. गेलेलं परत आलं नाही, पुढचं जाणं कमी झालं.

मग हाताशी आहे त्यात काय करावं?

गॅस तुटपुंजा असेल तर तो कुठे खर्च करायचा हे ठरवता येतं. माझ्या मते पहिला मान पावसाळ्याला. घरात वर्षाला चारच सिलिंडर येणार असतील तर त्यातले दोन आषाढ ते भाद्रपदासाठी राखावेत, कारण तेव्हा लाकूड ओलं आणि घर बंद. उरलेल्या वर्षात सकाळचा चहा गॅसवर. दोन कप चहासाठी चूल पेटवणं म्हणजे धूर सगळा आणि काम जेमतेम. आंघोळीच्या पाण्याची चूल आधी अंगणात काढावी, ते सगळ्यात सोपं आहे आणि त्यात स्वयंपाकाच्या चवीचा प्रश्नच नाही. घरी चार जनावरं आणि पाणी असेल तर गोबर गॅसचा विचार जरूर करावा. 5 किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो, एकदम आठशे रुपये काढणं जड जातं त्या घराला आणि बागेवर कामाला जाणाऱ्यांना तो परवडतो. एजन्सीत स्वतःहून मागावा लागतो.

चूल आतच राहणार असेल तर चुलीच्या डोक्यावर दोन-तीन कौलं उचलून उंच छपरी काढावी आणि समोरच्या भिंतीला खालच्या अंगाला झरोका ठेवावा, म्हणजे खालून हवा येऊन धूर वर ओढला जातो. लाकूड बारीक फोडून, आदल्या दिवशी चुलीजवळ सुकवून घ्यावं. तान्ह्या बाळाला पाठीशी बांधून चुलीपुढे बसू नये. नवऱ्याने बिडी दाराबाहेर ओढावी, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सीओपीडी ठरलाच तर मुख्य औषध म्हणजे तोंडाने ओढायचा पंप, म्हणजेच इनहेलर. 'पंपाची सवय लागते' ही सगळ्यात महाग पडणारी अफवा. पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून मात्रा अगदी थोडी लागते. त्याउलट दर पावसाळ्यात छाती भरली की इंजेक्शन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. पंप ओढायची पद्धत मात्र डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी. बऱ्याच जणींचं औषध जिभेवरच राहतं, त्यासाठी पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, म्हणजे स्पेसर, मिळतो. ओठ निळसर दिसणं, एक वाक्य पुरं बोलता न येणं, पाय सुजणं, झोपल्यावर दम कोंडून उठून बसावं लागणं, यातलं काहीही दिसलं तर बाजारच्या दिवसाची वाट न बघता 108 ला फोन करावा.